चौऱ्याऐंशीची वही

वडीगोद्रीहून सांगावा आला तेव्हा फकरोद्दीन जमादार अंबडला ओसरीवर बसून बूट पुसत होता. पोलिसातून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली, पण बूट रोज. या माणसानं एकदा चोराच्या शिंकेवरून त्याचं गाव ओळखलं होतं म्हणतात. शिंक ऐकली कुणी, ते विचारू नये.

"तातेरावाची वही चोरीला गेली," निरोप्या म्हणाला.

"एक वही?"

"एकच. चौऱ्याऐंशीची."

दुसरा बूट जमादारानं न पुसताच घातला.

तातेराव त्याचा जुना दोस्त. एकवीस वर्षं रोज सकाळी विहिरीत गाठींचा दोर सोडायचा आणि पाणी किती हात खाली ते खिशातल्या वहीत लिहायचा. वर्षाला एक वही, दिवाळी ते दिवाळी. संक्रांत झाली की यंदाचे आकडे जुन्या सालांशी ताडायचे. ज्या साली पाणी असंच उतरत आलेलं, त्या सालाची पुढची पानं उलटून सांगायचं, विहीर कधी आटणार. लोक म्हणत, तातेराव बोलला की विहीर भिडेखातर तरी आटते.

यंदा, शहाण्णवला, उतार चौऱ्याऐंशीशी बोटाबोटानं जुळला होता.

"संक्रांतीपर्यंतची पानं ताडली," तातेराव सांगत होता. "फुडलं पान उलटाया हात धजंना. बारा सालांत कधी उलटलंच न्हाई. उद्या बघू म्हणून ठिवली. सकाळी वही न्हाई."

हात का धजेना, ते जमादाराला ठाऊक होतं. त्याच साली चैत्रात तातेरावाचा एकुलता एक भिवा गाळ काढायला विहिरीत उतरला आणि दरड अंगावर कोसळली. मागं राहिली त्यानं लावलेली दोनशे मोसंबीची झाडं.

ती बाग आता ताणावर होती, महिनाभर पाणी तोडलेली. विहीर मिरगापर्यंत पुरणार असेल तर पाणी देऊन फुलवायची. नसेल तर अर्धी तोडून अर्धी जगवायची.

"उद्या कुऱ्हाडीवाले येनार, जमादार. वही हुडक."

जमादारानं पत्र्याची पेटी उघडली. सगळ्या वह्यांना एकसारखा खाकी पुठ्ठा, साल आतल्या पानावर. वह्यांच्या मध्ये वाळका कडुनिंब. एक जागा सोडली तर पाला कुठंच चुरला नव्हता.

"शक कुणावर?"

"कारभारी. बांधाला बांध. मी बाग फुलवली की त्याच्या हिरीचं पानी तुटतं."

"वाचता येतं त्याला?"

"पेपर वाचतो. वाचून मलाच शिकवतो."

"आणखी काय गेलं?"

"हिरीत उतरायचा जाडा नाडा."

"मोजायचा दोर?"

"हाय की खुंटीला."

"वहीची काही खूण?"

तातेरावाचा हात खिशावर गेला. "भिवाला काढाया उतरलो तवा खिशात व्हती. भिजून फुगली."

तातेरावाच्या बायकोनं, द्वारकाबाईनं, चहा आणला. जमादारानं घोट घेतला. साखर घालायची राहिली होती.

"भाबी, तुम्ही पेटीला हात लावला?"

"मला इचारता व्हय, भाऊ? अक्षर कळत न्हाई मला. कोनतं साल कोनतं, मला काय ठावं?"

तेवढ्यात कारभारी दारात येऊन उभा राहिला. "काय जमादार, आली का चोराची शिंक ऐकू?"

"आली," जमादार म्हणाला. "कारभारी, तू चोर असतास तर बरं झालं असतं रे."

त्यानं पेटीकडं बोट केलं.

"तू असतास तर साल शोधायला एकेक वही उघडली असतीस. पाला सगळा चुरला असता. इथं हात सीधा एकाच वहीवर गेला. बोटांनी चाचपून, फुगलेली तेवढी उचलली. वाचणाऱ्याचं काम न्हाई हे. अन तुला नाडा कशाला पाहिजे? कुणी विहिरीत उतरू नये असं ज्याला वाटतं, त्यानं नाडा नेला."

नोकरीत शेकडो नावं घेतली त्यानं. हे एक जिभेवर येईना.

"भाबी, ती वही तेव्हा उन्हात वाळवली कुणी?"

द्वारकाबाई उठली. ज्वारीच्या कणगीत कोपरापर्यंत हात घातला. वही निघाली.

"जल्म गेला ह्यांचं ऐकन्यात," ती म्हणाली. "आरंभ सारखा, तर शेवट सारखा. चार दिस झाले, चौऱ्याऐंशीवानी चाललंय म्हनतेत. त्या सालाचा शेवट मला ठावं न्हाई व्हय? पानी खाली गेलं, मंग गाळ, मंग नाडा. औंदा उतरनारं कोन उरलंय घरात? हेच की! म्हनलं वहीच नसंल, तर साल तसं जानार न्हाई."

तातेरावानं वही उघडली. ओलीनं पसरलेले आकडे चैत्र शुद्ध नवमीपर्यंत आले. साडेसोळा हात. पुढं सगळं कोरं.

"मी फुडं लिहिलंच न्हाई," तो म्हणाला. त्यालाच ते आत्ता कळलं. "मंग हीर कधी आटली?"

"आटली कुठं?" द्वारकाबाई म्हणाली. "तुमी खाटंवर पडून. रोपं वाळाया लागली म्हणून मीच रोज घागर सोडायची. दोर किती हात गेला, ते हाताला कळतंच की. सोळाच्या आसपास थांबलं पानी. पार मिरगापर्यंत."

"खरं हाय," कारभारी खाली मान घालून म्हणाला. "माझी आटल्ती. म्हैनाभर तुझ्या हिरीवर इंजन लावल्तं. तरी पानी हाललं न्हाई. तुला सांगायची हिंमत झाली न्हाई."

"अन गाळ?" तातेरावानं विचारलं.

"गाळ तसाच व्हता, कुनी काढलाच न्हाई," द्वारकाबाई म्हणाली.

तातेरावानं पेटी जवळ ओढली.

"सत्त्याहत्तरच्या वहीवरून मीच सांगितल्तं भिवाला. आटनार म्हणून. उतर म्हणून."

जमादार बाहेर गेला आणि कुऱ्हाडीवाल्यांना येऊ नका म्हणून निरोप धाडून परत आला. तातेराव मांडीवर कोरं पान उघडून बसला होता. पेन्सिल हातात. द्वारकाबाई त्याच्या अगदी जवळ सरकून बसली होती.

"दशमीपासनं सांग."

तिनं डोळे मिटले. मोकळे हात, जणू त्यांतून दोर सुटतोय, असे हळूहळू हलू लागले.

"सोळा," ती म्हणाली. "लिवा."