अर्धी वाटी साखर

"अहो, ती घेऊ नका. सडलीत ती!"

फळवाल्याच्या दुकानात केकवाली खाली वाकली होती, काळ्या पडलेल्या केळ्यांच्या टोपलीवर. हा फुकटचा सल्ला आला पाठीमागून. तिने वळून बघितलं. उंच, किडकिडीत, इस्त्रीचा शर्ट, नाकावर चष्मा. समोरच्या दुकानात डोळे तपासून चष्मे विकणारा तो हाच, एवढं तिला येता-जाता बघून ठाऊक होतं.

"मला हीच हवीत," ती म्हणाली.

"हीच? डाग दिसताहेत ना तुम्हाला?"

"चांगले दिसताहेत."

"नाही म्हणजे... दिसत नसतील तर सांगा. समोरच दुकान आहे माझं. फुकट तपासून देईन."

फळवाला खो खो हसायला लागला. खरं तर तिला राग यायला हवा होता. पण या गृहस्थाच्या चेहऱ्यावर इतकी मनापासूनची काळजी होती, की तिलाच हसू फुटलं.

"अहो चष्मेवाले, केळं जितकं काळं, तितका केक गोड. वरून साखर घालावी लागत नाही. आलं लक्षात?"

"केक? बिनसाखरेचा?" तो एकदम पुढे सरकला. "तुम्ही करता? घरी? मला मिळेल?"

मिळेल काय, न मिळायला काय झालं! केकवालीचा धंदाच तो होता. मावशीच्या घरातलं छोटंसं स्वयंपाकघर, एक ओव्हन, आणि अदलाबदलीचं वेड. मैद्याऐवजी दळलेले ओट्स, अंड्याऐवजी दही आणि चिमूटभर सोडा, लोण्याऐवजी सफरचंदाचा शिजवलेला गर, आणि साखरेऐवजी ही काळी केळी. प्रत्येक खोक्यावर ती स्वतः चिठ्ठी चिकटवायची : 'वरून साखर नाही.' त्या चिठ्ठीवर विश्वास ठेवून लोक लांबून यायचे, आणि तिला त्याचा भारी अभिमान होता.

शनिवारी दुपारी चष्मेवाला दारात हजर. तिने खोकं बांधायच्या आधी एक तुकडा कापून त्याच्या हातावर ठेवला. तो खाईपर्यंत ती ओट्यापाशी उभी राहून उगाचच फडक्याच्या घड्या घालत होती.

"कसा आहे?"

"ठीक आहे," तो म्हणाला.

ठीक आहे! झालं. बाईसाहेबांचा चेहरा खर्रकन उतरला. पुढच्या शनिवारी पुन्हा येतो म्हणून तो गेल्यावर तिने स्वतः दोन तुकडे खाऊन बघितले, मावशीला खायला लावले, शेजारणीलाही सोडलं नाही.

"अगं, उत्तम झालाय," मावशी म्हणाली. "इतके जण केक नेतात, कोणाच्या 'ठीक आहे'ने तुझा जीव असा खालीवर झाला नव्हता आजवर. भानगड काय आहे?"

"कसली भानगड? काहीतरीच काय गं मावशी!"

"मग कान का लाल झालेत?"

कानांना काय कळतंय? ते झालेच होते लाल.

पुढच्या शनिवारी सगळंच बिनसलं. फळवाल्याकडे केळी आली ती हिरवट, टणक. तिने ती सालीसकट ओव्हनमध्ये ठेवून काळी केली. दिसायला झाली झकास, कुस्करलीही छान गेली, पण अशा केळ्यांत गोडवा येत नाही. तो झाडावरून उतरल्यावर हळूहळूच यायचा असतो, आणि हे तिला पुरतं माहीत होतं. तिने बोटावर मिश्रण घेऊन चाखलं. मिळमिळीत. खरं तर चष्मेवाल्याला कळवायला हवं होतं, आज नाही होणार, दोन दिवसांनी या. पण मग शनिवार हुकला असता... आणि हा केक खाऊन त्याने 'ठीक आहे'सुद्धा म्हटलं नाही तर?

मावशीच्या चहासाठी ठेवलेला साखरेचा डबा हाताशीच होता. तिने अर्धी वाटी साखर ओतली, घाईघाईने ढवळली आणि इकडेतिकडे बघितलं. स्वतःच्याच स्वयंपाकघरात कोण बघणार होतं? तरी बघितलं.

"भारी!" तुकडा तोंडात गेला न गेला तोच चष्मेवाला म्हणाला. "एकदम भारी!"

"खरंच?"

"अगदी खरं. तुमच्या हाताला... म्हणजे... तुमच्या हातात काहीतरी आहे." मग खोकं उचलता उचलता सहज विचारावं तसं म्हणाला, "साखर नाही ना यात?"

"छे हो!" ती म्हणाली.

एवढे दोन शब्द. तोंडातून निसटले आणि दारातून त्याच्याबरोबर निघूनही गेले. तो शिट्टी वाजवत जिना उतरला आणि ही ओट्याला टेकून उभी राहिली. वाटलं, धावत जाऊन सांगावं. मग वाटलं, जाऊ दे, हल्ली सगळ्यांनाच साखर नको असते, फॅशन आहे. एवढ्याने काय होतंय?

बरं, एकदा चुकलं तर चुकलं. पण त्यापुढच्या शनिवारी केळी चांगली काळीभोर होती, केकला काहीएक कमी नव्हतं, तरी हिचा हात डब्याकडे गेलाच. एकदा 'भारी' ऐकलेल्या माणसाला पुन्हा 'ठीक आहे' ऐकायची हिंमत होत नाही. खोक्यावर चिठ्ठी चिकटवताना तिने ती वाचायचं टाळलं.

इकडे शनिवारच्या गप्पा लांबत चालल्या होत्या. "आज तुमच्या नाकाला पीठ लागलंय." "मग तुम्ही बघता कशाला नाकाकडे?" "बघणं हा माझा धंदाच आहे हो." तो असं काही बोलायचा, ही लटकं रागवायची. दार लावलं की मात्र खोक्यावरची चिठ्ठी आठवायची. हा माणूस आपल्यावर विश्वास ठेवतोय आणि आपण त्याला सरळ सरळ फसवतोय, हे काही केल्या मनातून जाईना.

मग एका शनिवारी तो आला तो तोंड पाडून. तुकड्याला हातही लावला नाही.

"आज केक नको. बाबांची शुगर भलतीच वाढलीय. डॉक्टरांनी मला झापलं."

"बा... बाबांची?"

"त्यांच्यासाठीच तर नेतो मी. डायबिटीस आहे त्यांना. आठवड्याला एवढा बिनसाखरेचा तुकडा चालेल म्हणाले होते डॉक्टर. सांगितलं नव्हतं का?"

नव्हतं सांगितलं. आणि हिनेही कधी विचारलं नव्हतं. तिने खुर्चीची पाठ घट्ट धरली.

"चोरून खातात हो!" तो बोलतच होता. "मी कपाटाला कुलूप लावलंय. परवा इतका संतापलो, म्हटलं, या वयात चोऱ्या करता, लाज नाही वाटत? तर शपथ घेऊन सांगतात, मी काही खाल्लं नाही म्हणून. तोंडावर खोटं! तेव्हापासून बोलत नाही मी त्यांच्याशी."

लाज नाही वाटत? तो शब्द ज्याला उद्देशून होता तो म्हातारा घरी बसला होता, आणि ज्याला लागायला हवा होता ते माणूस इथे उभं होतं. धरणीने पोटात घ्यावं असं तिला झालं. सांग, आत्ता सांग, असं मन ओरडत होतं. तिने न खाल्लेला तुकडा उचलून डब्यात ठेवला.

"तुम्ही याल का उद्या घरी?" तो हळूच म्हणाला. "तुमचा केक म्हणजे जीव की प्राण आहे त्यांचा. तुम्ही समजावलंत तर ऐकतील. आणि... एरवीही यायला हवं होतंत तुम्ही. मीच बोलावायचं धाडस करत नव्हतो."

तिने मानेनेच 'येते' म्हटलं.

तो गेल्यावर ती मावशीच्या मांडीवर डोकं ठेवून ढसाढसा रडली आणि सगळं सांगून टाकलं. मावशीने डोक्यावर हात फिरवला, पण लाड केले नाहीत.

"उद्या जा आणि हेच तिथे सांग."

"तो परत माझं तोंड बघणार नाही गं!"

"नाही बघणार तर नाही बघणार. तुझ्या अर्ध्या वाटीपायी एक म्हातारा माणूस पोटच्या पोराच्या शिव्या खातोय. तू इथे बसून लाजणार किती दिवस?"

दुसऱ्या दिवशी ती गेली. तिसऱ्या मजल्यावरचं घर, खिडकीशी शिवणाचं मशीन, आणि मशीनमागे बाबा. आयुष्यभर शिंपीकाम केलेला माणूस. तिला बघताच त्यांनी हातातलं काम बाजूला ठेवलं आणि तोंडभर हसले. त्या हसण्याने तिचा जीव आणखीच अर्धा झाला.

"ये पोरी, ये! तूच होय ती?"

ती खुर्चीच्या कडेवर टेकली. चष्मेवाल्याने पाणी आणलं आणि लगेच मुद्द्यावर आला.

"विचारा यांना, बाबा. नुसत्या फळांचा केक किती गोड लागतो ते. आठवड्याला तो मिळत असताना चोरून खायची गरज काय होती? यांच्यासमोर तरी खरं बोला."

बाबा मान खाली घालून सुई टोचू नये म्हणून बोटात घातलेलं टोपण फिरवत राहिले. चोरी न केलेला माणूस चोरासारखा बसलेला तिला बघवेना.

"साखर होती," ती म्हणाली.

"काय?"

"केकमध्ये. मी घातली होती. तुम्ही विचारलंत आणि मी... मी नाही म्हणाले." आता थांबले तर परत बोलता येणार नाही, हे तिला कळत होतं. "पहिल्यांदा केळी कच्ची होती म्हणून घातली. पण नंतर नुसतं तुम्ही 'भारी' म्हणावं म्हणून. तुमच्या तोंडून ते ऐकायची चटक लागली होती मला. बाबांनी काही चोरलं नाही. खोटी मी आहे. कोणासाठी नेताय हे मला माहीत नव्हतं, पण ती काही सबब नाही. मला माफ करा, बाबा."

चष्मेवाल्याचा चेहरा पांढराफटक पडला. त्याने खिशातून कपाटाची किल्ली काढली, बाबांच्या पुढ्यात ठेवली आणि दाराबाहेर निघून गेला.

संपलं, तिला वाटलं. अश्रू आवरत ती उठली.

"बस गं जरा," बाबा म्हणाले. "मला पहिल्याच घासाला कळलं होतं. साखर सोडलेल्या माणसाला साखर ओळखू येत नाही होय?"

"मग... मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"बोललो असतो तर केक बंद झाला असता." ते ओशाळवाणं हसले. "जिभेचे चोचले, दुसरं काय! आणि खरं सांगू? याची आई गेल्यापासून हा पोरगा घरी यायचा तो गप्प. तुझा केक आणायचा त्या दिवशी मात्र शिट्टी वाजवत जिना चढायचा. म्हटलं, बसू देत चार शिव्या."

"तुमच्या जिवाशी खेळले हो मी!"

"खेळलीस खरी. आणि मीही खेळलो. आता पुरे. मी पथ्यावर राहतो, तू खरं बोल."

तिने त्यांना वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडली. जिन्याच्या वळणावर चष्मेवाला पायरीवर बसला होता, चष्मा हातात घेऊन. चष्म्याशिवायचा त्याचा चेहरा अगदी लहान मुलासारखा उघडा पडला होता. बाजूने निघून जावं म्हणून ती भिंतीला चिकटून उतरू लागली.

"थांबा," तो म्हणाला.

ती थांबली. "तुम्ही रागावलाय. रागवायलाच हवं. मी परत येणार नाही, शपथ."

"रागावलोय. तुमच्यावर आहेच." त्याने डोळे पुसले. "पण बाहेर आलो तो त्यासाठी नाही. आत बसवेना मला. स्वतःच्या बापाला चोर म्हणालो हो मी! एकदाही मनात आलं नाही, की ते खरं बोलत असतील."

ती त्याच्या वरच्या पायरीवर बसली.

"आणि अजून एक सांगायचंय," तो खाली बघत म्हणाला. "मला गोड आवडत नाही. लहानपणापासून नाही. केकमधलं मला ओ की ठो कळत नाही."

"म्हणजे?"

"पहिल्या दिवशी 'ठीक आहे' म्हणालो आणि तुमचा चेहरा असा पडला... आठवडाभर चैन पडलं नाही मला. दुसऱ्या शनिवारी तुमच्या जिन्यातच ठरवून आलो होतो, तुकडा तोंडात टाकायचा आणि 'भारी' म्हणायचं. तुम्ही मीठ घातलं असतंत तरी म्हणालो असतो."

ती त्याच्याकडे बघतच राहिली. म्हणजे ती अर्धी वाटी... ती सगळी रडारड... ज्या शब्दासाठी ती लबाड झाली, तो तर आधीच तिच्या नावाने ठरलेला होता!

"मी खोटं बोलले ते तुम्हाला आवडावं म्हणून," ती पुटपुटली, "आणि तुम्ही..."

"तुम्ही आवडत होता म्हणून." त्याने चष्मा डोळ्यांवर चढवला आणि पहिल्यांदाच सरळ तिच्याकडे बघितलं. "अजूनही आवडता. हे आज सांगायचं नव्हतं मला. आज तर तुमच्यावर चिडायचं होतं."

"चिडा ना मग."

"उद्या चिडेन. आज माझीच मान वर होत नाहीये."

तिला रडू आणि हसू एकदमच आलं. "मला तुमच्यापेक्षा जास्त लाज वाटतेय."

"काहीतरीच! माझी जास्त आहे."

"बरं, तुमची जास्त. पण आपण इथे जिन्यात बसून काय करणार? बाबा वर एकटे आहेत."

तो उठला, दोन पायऱ्या चढला, आणि तिथेच थबकला. कठडा धरून उभा राहिला.

"माफी मागायचीय त्यांची," तो म्हणाला. "पण एकट्याने त्यांच्यासमोर जायची छाती होत नाही. तू... येशील बरोबर?"

तू! केकवालीने पदराने डोळे पुसले, उठून त्याच्या शेजारी उभी राहिली आणि त्याचा हात हातात घेतला.

"चल," ती म्हणाली. "आधी तू बोल. अडखळलास तर मी आहे."