माझ्या सावलीत लपू दे

अल्माससारखा काटेकोर निवाडा करणारं माणूस मी दुसरं पाहिलेलं नाही. आणि हे सांगणारा मी वकील आहे, माझा निम्मा जन्म निवाडे ऐकण्यातच चाललाय.

श्रीरामपुरात तिच्या अब्बांचं इलेक्ट्रिकचं दुकान आहे. रविवारी जेवणं उरकली की वरच्या खोलीत आमचा खेळ बसतो. अल्मास गोष्ट सांगते, आम्ही त्या गोष्टीतली एकेक माणसं होतो, आणि कुणाचं जमलं, कुणाचं फसलं ते फासे ठरवतात. ती शाळेत गणित शिकवते. कॉलेजपासूनची ओळख, पण खेळात तिने मला कधी इंचभर सूट दिली नाही, आणि मला त्याचाच अभिमान वाटतो.

खेळात उजेड-सावलीवरून वाद झाला तर ती तोंडी निकाल देत नाही. खिडक्या लावते, दुकानातला एक छोटा दिवा आणते, आमच्या मातीच्या बाहुल्या नकाशावर मांडते आणि खरी सावली कुठे पडते ते बघते. एवढी मेहनत कोण करतं सांगा. तिच्या टेबलाची आणखी एक शिस्त आहे. आपल्या पात्राच्या तोंडून बोलायचं तर आधी त्याचं नाव घ्यायचं. माझं पात्र राणोजी, म्हणून मी ‘राणोजी म्हणतो’ असं सुरू करायचं. नाव घेतलं नाही तर ते बोलणं आपलं स्वतःचं, आणि बोललेलं मागे घेता येत नाही.

एप्रिलमधल्या एका रविवारी भुयारात सावलीजीव निघाला. नकाशावर तो म्हणजे एक काळं बटण. त्याचा नियम असा की अंधुक उजेडात तो सगळ्यांच्या डोळ्यांदेखत लपू शकतो, भर उजेडात नाही. आमच्यातल्या कल्याणच्या पात्राच्या हातात मशाल होती. लपायला जागा नाही म्हटल्यावर तो मशालवाल्याच्याच अंगावर जाणार हे उघड होतं, आणि ते पात्र आधीच अर्धमेलं झालेलं.

“मेलो म्या,” कल्याण म्हणाला. तो बेलापूरहून मोटरसायकलवर येतो, ऊस बघतो, आणि त्या पात्रावर त्याचा फार जीव. “वकील, काय तरी कर की. लई जपलंय रं मी ह्याला.”

झालं, मला चेव चढला. “माणसाची सावली म्हणजे तरी काय? अंधुक उजेडच की,” मी म्हणालो. “मग त्याने माणसाच्या सावलीत का लपू नये?”

अल्मासने खिडक्या लावल्या, दिवा आणला आणि बाहुल्यांच्या सावल्या बघितल्या. “मुद्दा बरोबर आहे,” ती म्हणाली. “लपेल. पण ज्याची सावली त्याची परवानगी हवी. न विचारता कुणाच्या अंगणात शिरता येत नाही.”

“माझी परवानगी आहे. माझ्या सावलीत लपू दे.”

“कोण म्हणतंय?”

ती मला संधी देत होती हे आता कळतं. तेव्हा मी जिंकण्याच्या नादात होतो. “मी म्हणतोय,” मी म्हणालो.

तिने बटण माझ्या बाहुलीच्या सावलीत सरकवलं. कल्याण वाचला, आम्ही चहा मागवला. खिडक्या उघडल्यावर बटण काही सापडलं नाही. टेबलाखाली बघितलं, कल्याणचे खिसेसुद्धा बघितले.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझी मुलगी निकिता अंगणात सावलीवर पाय द्यायचा खेळ खेळत होती. माझ्या सावलीत तिने उडी मारली आणि चटकन बाहेर आली.

“बाबा, गार लागतंय.”

मी हसलो. मग पोर्चच्या सावलीत फरशीला हात लावला, ती कोमट होती. माझ्या सावलीतली मात्र माठाखालच्या जमिनीसारखी होती. मी पुन्हा पुन्हा हात लावून पाहिला. कारण सापडलं नाही, आणि कारण न सापडणं मला सहन होत नाही.

पुढे दोन-तीन दिवसांनी तिला शाळेत सोडताना ती माझं बोट धरून चालत होती.

“बाबा, तुमच्या सावलीतला विचारतोय, ‘तुझ्याकडे येऊ का?’ काय सांगू?”

मी तिला चटकन बाजूला सारलं. “काही सांगू नकोस,” एवढंच मी म्हणालो. त्या दिवसापासून उन्हात मी तिला जवळ येऊ दिलं नाही. बाबा रागावलेत म्हणून ती रडायची. मला भीती वाटत होती, साधी, सरळ भीती. सहा वर्षांचं पोर ते, एखाद्या दिवशी चुकून ‘ये’ म्हणालं तर?

मी अल्मासला सांगितलं. ती हसली नाही.

“नाव घेतलं नव्हतंस,” ती म्हणाली.

“नाही. मग आता त्याला काढायचं कसं?”

“काढता येत नाही. परवानगी दिलीय. दुसऱ्या कुणी दिली तरच तो जाईल.” मग ती म्हणाली, “निकाल माझा होता.”

आम्ही दुकानासमोर उभे होतो. दुपार कलली होती, पण रस्त्यावर अजून चिटपाखरू नव्हतं. मला वाटलं ती निरोप घेतेय. ती दोन पावलं पुढे आली आणि माझ्या सावलीत उभी राहिली.

“मी म्हणतेय,” ती म्हणाली. “ये.”

माझ्या पायाखालची जमीन एकदम तापली.

आता निकिता माझ्या सावलीत हवं तेवढं नाचते. खेळही चालू आहे. अल्मासने वरच्या खोलीत चारी भिंतींना ट्यूब लावल्यात, तिथे कुणाची सावली धड पडतच नाही. खाली रसाच्या गाड्यावर आम्ही सगळे छपराखाली दाटीवाटीने उभे असतो. ती एकटी बाहेर उन्हात, सावली मोकळ्या रस्त्यावर पडेल अशा बेताने. तिने कधी एका शब्दाने मला ऐकवलं नाही. असं माणूस मिळायला नशीब लागतं, आणि मला त्याची लाजही वाटते.

काल मी मनाचा हिय्या केला, तिला एकटं उभं राहू द्यायचं नाही. ग्लास ठेवला आणि मागून तिच्याकडे गेलो. ती पाठमोरी उभी राहून रस पीत होती. तिच्या सावलीपाशी येऊन मी थांबलो.

अल्मास हलली नाही.

तिची सावली मात्र जरा बाजूला सरकली, एसटीत बाकावर कुणाला जागा करून द्यावी तशी.