त्रिग्लावच्या माथ्यावरचे फटके

"इथे कुणी बसलंय?" असं विचारून उत्तराच्या आधीच तो डोंगरातल्या विश्रामगृहात माझ्या बाकावर टेकला. हातात वाफाळता चहा, केस धुक्याने ओले आणि खांद्यावर दोराचं वेटोळं.

"मी गाश्पेर. पिरानचा... समुद्राकाठचा."

"पोलोना. मोय्स्त्रानाची."

"म्हणजे थेट त्रिग्लावच्या पायथ्याची!" तो भलताच खूश झाला. "मग चल की बरोबर. दोर आणलाय मी. शिखरावर लागेल ना?"

माझे कान तापले. त्रिग्लाव, आमच्या स्लोव्हेनियाचं सर्वांत उंच शिखर, पहिल्यांदा चढणाऱ्या प्रत्येक स्लोव्हेनियन माणसाला माथ्यावर ओणवं करून दोराचे फटके देतात. आमच्या गावात ते न खाल्लेली बहुधा मी एकटीच. दोनदा शेवटच्या धारेवरून रडत परतले होते. हे या आगाऊ माणसाला कसं कळलं?

"आधी वर तर पोच," मी फणकारले.

धारेवर दोन्ही बाजूंना दरी. मी लोखंडी तार घट्ट धरली आणि... पाय हलेनात.

"परत जाऊ या?" मागून तो हळूच म्हणाला. "मीही फिरतो मागे. खरंच."

आवाजात चेष्टा अजिबात नव्हती. म्हणूनच मला स्वतःचा भयंकर राग आला. आज परतले तर जन्मभर परततच राहीन!

"गप्प बस आणि मागून ये," म्हणत मी पाऊल उचललं. मग दुसरं. मग मोजलीच नाहीत. धुकं फाटलं आणि समोर शिखरावरचा तो इवलासा पत्र्याचा मनोरा! मी ओरडले, हसले, रडलेसुद्धा.

"मार आता," मी ओणवी होत म्हटलं.

"मी? अगं, दोर माझ्यासाठी आणलाय! मला वाटलं, तू मारशील..."

"म्हणजे तूही पहिल्यांदाच?"

"तुझ्याच भरवशावर तर आलो! मोय्स्त्रानाची मुलगी, आणि..."

शेवटी एका दणकट आजीबाईंनी आम्हाला शेजारी-शेजारी ओणवं करून सणसणीत फटके दिले. "जोडी झकास आहे," हा शेरा वर फुकट.

उतरताना पुन्हा तीच धार. या खेपेला थांबला तो.

"पोलोना... भीती वाटतेय."

"दरीची?"

"छे! खाली गेल्यावर तू तुझ्या गावाला, मी माझ्या... त्याची. मला तू फार आवडलीस गं."

मी तार सोडली. दोन्ही हातांनी! त्याचा चेहरा ओंजळीत धरला आणि भर धारेवर त्याचं चुंबन घेतलं. मागे माणसांची रांग खोळंबली होती.

खोळंबू दे!