'निघालो' नावाचं बटन

फोनची सिस्टीम अपडेट झाली की शिव्या मला बसतात. अपडेट करणारे सातासमुद्रापलीकडे, आणि मी इथं मालेगावात, बसस्टँडमागच्या खोलीत, एकटा आणि हाताशी सापडणारा. विहिरीवरची मोटर घरबसल्या चालू-बंद करायचं ॲप मी बनवलंय. बटन दाबलं की फोन माझ्या सर्व्हरला विनंती पाठवतो आणि सर्व्हर विहिरीवरच्या स्टार्टरला कळवतो. या अपडेटनंतर फोननं परस्पर ठरवलं की माझ्या सर्व्हरचा जुना पत्ता सुरक्षित नाही. झालं, विनंत्या जाणंच बंद. पडद्यावर नुसतं चाक फिरत राहायचं, आणि लोक माझ्या नावानं बोटं मोडायचे.

ॲपमध्ये आणखी एक बटन आहे, 'निघालो'. आमच्याकडे वावरातून निघताना घरी मिस्ड कॉल द्यायची रीत आहे. तो आला की घरची बाई तवा ठेवते. माणूस हातपाय धुऊन बसेपर्यंत गरम भाकर ताटात. लोक म्हणाले, मोटर बंद केली की तिथंच एक बटन द्या, दाबलं की घरचा फोन वाजेल असं. दिलं. मी स्वतः ते कधी दाबत नाही. माझ्या घरी तवा ठेवणारं कोणी नाही, आणि हे सांगायला लाज कसली.

त्या आठवड्यात जिजाबाईंचा फोन आला. शेलूबाजारच्या पुढं त्यांचा भाजीपाल्याचा मळा आहे.

"भाऊ, मोटर नाई चालली तरी चालते. ते निघालोचं तेवढं करून द्या."

"मावशी, काकांना फोन घेऊन पाठवा ना इकडं."

"ते कुठी जातच नाईत."

चडफडत गाडी काढली. पोचलो तेव्हा ऊन उतरलं होतं आणि मळ्याकडून ओल्या कोथिंबिरीचा वास येत होता. जिजाबाईंचे यजमान गुलाबराव ओसरीवर भिंतीला टेकून बसले होते. हा माणूस एरवी माझी फिरकी घेतल्याशिवाय पाणीसुद्धा पिऊ देत नाही. "या इंजिनिअर, आज काय बिघडवाले आले?" असं स्वागत ठरलेलं. आज त्यांनी मुकाट्यानं फोन पुढं केला. तोच फोन, फुटकं कव्हर सायकलच्या ट्यूबच्या पट्टीनं बांधलेलं. माझी नजर त्यांच्या पायांकडे गेली. टाचांच्या भेगांत काळ्या मातीचा कण नव्हता.

जिजाबाईंनी मला स्वयंपाकघराच्या दारात बोलावलं आणि आवाज खाली घेतला.

"फोन अपडेट झाला त्या संध्याकाळची गोष्ट. फोन वाजला नाई, म्हणून मी तवा नाई ठेवला. मांगं पाह्यलं तं हे ओसरीवर बसेल दिसले. हातपाय धुतले नाई. भाकर देली तं खाल्ली नाई. अजून खाऊन नाई राह्यले."

"डॉक्टरला दाखवलं?"

"डॉक्टर म्हणे, सगळं बराबर हाये." त्यांनी पदरानं डोळे पुसले. "माणूस घरात हाये भाऊ, अन् घर मले खायाले उठते. इतकी एकटी मी कधीच नव्हती. फोन वाजला पाह्यजे. वाजल्याबिगर हे आले असं मले वाटूनच नाई राह्यलं."

"मावशी, बटन आहे ते, देव नाही," मी वैतागून म्हणालो. पण 'एकटी' हा शब्द मला लागला.

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला बसून मी ॲप काढून टाकलं, नवं टाकलं, सर्व्हरचा नवा पत्ता भरला. मोटरचं बटन दाबलं. क्षणभर चाक फिरलं, मग हिरवा दिवा लागला आणि मळ्याच्या टोकाला, विहिरीवर, मोटर घुरघुरली. बरं वाटलं. राहिलं होतं ते 'निघालो'.

मी ते दाबणार, एवढ्यात मोटर बंद पडली.

वीज गेली म्हणावं तर डोक्यावरचा पंखा फिरत होता. हातातल्या फोनवर मोटर अजून चालूच दिसत होती.

आत जिजाबाईंचा फोन वाजला.

मी हातातल्या फोनकडे पाहिलं. 'निघालो' मी दाबलं नव्हतं. त्या संध्याकाळचा अडकलेला निरोप आता सुटला असेल, असं होतं कधीकधी. खात्री करायला माझ्या फोनवर सर्व्हरवरची नोंद उघडली. नाव गुलाबरावांचं. वेळ आत्ताची. ठिकाण, विहीर.

मी त्यांचा फोन बंद केला. पडदा काळा झाला.

आतला फोन पुन्हा वाजला.

मग चुलीवर तवा ठेवल्याचा आवाज आला.

"दार लाव," ओसरीवरचे गुलाबराव म्हणाले. मी आल्यापासूनचं त्यांचं पहिलं बोलणं.

"काहून लावू?" आतून जिजाबाई म्हणाल्या. कितीतरी हलका आवाज होता त्यांचा. "येऊन राह्यले ना ते."

गुलाबरावांनी हात पुढं केला. मी त्यात फोन ठेवला आणि गाडीकडे निघालो. घाबरलो होतो, उगाच कशाला नाही म्हणू.

मळ्याच्या वाटेवर समोरून एक माणूस आला. डोक्यावर गवताचा भारा, पाय घोट्यापर्यंत काळ्या मातीनं भरलेले. शर्टाच्या खिशात फोन होता, ट्यूबच्या पट्टीनं बांधलेला. अंग वाळून गेलं होतं, पण चेहरा हसरा.

"काय इंजिनिअर, जमलं वाट्टे एकदाचं. कव्हाचा दाबून राह्यलो, जातच नव्हतं. अन् ते गेल्याबिगर मले निघणं होत नाई." ते जवळ आले. "तवा ठेवला काय तिनं?"

"ठेवला," मी म्हणालो.

ते घराकडे गेले. मी मागं वळून पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी राहवलं नाही. फोन लावला.

"आले काय काका?"

"आले ना भाऊ. आंघोळ केली, तीन भाकरी खाल्ल्या. लय उपकार झाले तुमचे."

"आणि... ओसरीवरचे?"

तव्यावर भाकर उलटल्याचा आवाज आला.

"तेबी जेवतेत आता. ह्यायचं ताट पाह्यलं अन् त्यायनंबी मागतलं. दोघायच्या मधात मी बसते."

"मावशी, त्यातले आपले कोणते? विचारलं नाही का?"

"नाई इचारलं," जिजाबाई हळूच म्हणाल्या. "इचारलं अन् एक उठून गेला तं?"