पप्पा झोपलेत

"शू...! पप्पा झोपलेत!"

दिपालीच्या तोंडून हे निघायला आणि लेकीने, तनुजाने, हातातलं ताट भिंतीवर भिरकावायला एकच गाठ पडली. वरणाचे ओघळ भिंतीवरून खाली आले, पडद्याआडची खाट करकरली, आणि रात्रभर चाकणच्या कंपनीत उभा राहून सकाळी परतलेला समाधान तांबारलेल्या डोळ्यांनी बाहेर आला.

"बास झालं आता! रविवारी हिला लातूरला माझ्या दादाकडं सोडून येतो. तिथंच शिकू दे."

"अहो, चौथीतलं लेकरू ते..."

"लेकरू न्हाई, अवदसा हाय!" सासूबाई, कौशल्याबाई, कोपऱ्यातून कडाडल्या. "मीठमिरच्या उतरून उतरून हात दुखले माझे. आईनंच डोक्यावर बसवून ठिवलंय!"

आईनंच! दिपाली भिंतीवरचं वरण पुसायला लागली. ह्याच लेकरासाठी तिने भोसरीच्या वर्कशॉपमधलं हातचं काम सोडलं होतं, किती रात्री उशाशी बसून काढल्या होत्या... आणि पदरात काय पडलं, तर हा ठपका! राबायचं तिने आणि बोलही तिनेच खायचे!

मोशीतलं त्यांचं घर म्हणजे एक खोली आणि स्वयंपाकघर. समाधानची थर्ड शिफ्ट, म्हणजे रात्रपाळी, लागली की आठवडाभर त्या घराची वाचाच बसायची. कुकरची शिट्टी नको म्हणून वरण पातेल्यात शिजायचं, थापण्याचा आवाज नको म्हणून भाकरी बंद, नुसत्या पोळ्या. तनुजाने हसायचं ते ओंजळीत आणि पाढे म्हणायचे ते ओठांत. नवऱ्याची झोप दिपालीने व्रतासारखी सांभाळली होती, आणि त्याचा तिला मनातून अभिमानही होता.

पण ह्या पोरीचं करायचं काय? समजावून झालं, रागावून झालं, एकदा तर थोबाडीतही देऊन झाली... सगळं पालथ्या घड्यावर पाणी!

दुसऱ्या दिवशी दारातल्या पायरीवर बसून लेकीच्या केसांना तेल लावताना तिने शेवटचं म्हणून विचारलं, "तनू, काल ताट फेकायच्या आधी तुला काय झालं होतं गं?"

"काही नाही."

"आठवून बघ की. मी रागावणार नाही."

पोर पायरीवरचा पोपडा खरवडू लागली. "कान गरम झाले."

"कशानं?"

"शू म्हटलं की होतात. मग घशात गोळा येतो... मग मला काही दिसतच नाही. नंतर मलाच खूप वाईट वाटतं गं, मम्मी!"

दिपालीचा तेलकट हात तिथेच थांबला. समाधानच्या फर्स्ट शिफ्टच्या आठवड्यात पोरीने कधी काही फेकलं होतं का? तिला एकही वेळ आठवेना. दृष्ट, हट्ट, लाड... सगळ्यांवर खापर फोडून झालं होतं, आणि घरात सगळ्यात जास्त 'शू' तर तिचंच होतं!

"पुन्हा कान गरम झाले की फेकायचं नाही. मला येऊन सांगायचं."

"मग तू परत शू म्हणशील."



रात्री समाधान कंपनीचे बूट चढवत असताना तिने हे सगळं त्याच्या कानावर घातलं. तो उसळलाच. "म्हंजी चूक माझ्या शिफ्टची? काम सोडून घरी बसू?" आणि तो तरातरा बसकडे निघून गेला. दिपालीने दार लावून घेतलं, तेही आवाज न करता, आणि स्वतःचीच तिला चीड आली.

रविवार उजाडला. समाधान दुपारपर्यंत झोपणार होता, मग लातूरची गाडी. तनुजाची बॅग दाराशी भरून ठेवलेली. पाणी पिताना तिला ठसका लागला आणि कौशल्याबाईंनी लगेच डोळे वटारले, "शू! बाप झोपलाय!"

तनुजाने हातातला स्टीलचा पेला उचलला... वर नेला... तो हात तसाच हवेत राहिला, मग सावकाश खाली आला. पेला ओट्यावर ठेवून, दोन्ही कान दाबून धरत ती आईसमोर येऊन ओरडली, "मम्मी! माझे कान गरम झालेत!"

पडदा सरकला. दिपाली हात पसरून लेकीच्या पुढे उभी राहिली. "जे बोलायचं ते मला बोला! आजपासून तिला एक शब्द नाही!"

समाधान जागाच होता. तो फरशीवर बसला, दिपालीच्या हाताखालून त्याने पोरीला पुढे घेतलं आणि तिच्या कानांना हात लावला.

"खरंच तापलेत की गं..." तो म्हणाला. "माझेबी तापतात. सुपरवायझर लाईनवर सगळ्यांदेखत बोलला की तापतात. तिथं गप ऱ्हातो, अन् घरी येऊन तुमच्यावर..."

"मग तुम्ही कुणाला सांगता, पप्पा?"

समाधानने बॅग ओढली आणि चेन उघडून लेकीचे फ्रॉक एकेक करून बाहेर काढायला सुरुवात केली.

"आरं, पण दादाला कळवलंय ना!" कौशल्याबाई म्हणाल्या.

"परत कळवतो, आई. माझी लेक माझ्या घरी ऱ्हाईल."

दिपालीला हुंदका आवरेना. इतक्या दिवसांच्या सवयीने तिने ओढणीचा बोळा तोंडात कोंबला.

तनुजाने तिचा हात धरून तो बोळा ओढून काढला.

"मोठ्यानं रड, मम्मी. पप्पा जागे आहेत."