चुलीपाशी उभं असलेलं शिंगरू

ग्राशिया खाली दुकानात गेलीय, तोवर सांगून घेतो. तिच्यासमोर हा विषय मी काढत नाही.

ग्राशिया माझी थोरली बहीण. जेन्नार्जेंतूच्या डोंगरात आमच्या घरी पिढ्यान्‌पिढ्या ठेंगणी गाढवं, माणसाच्या कमरेला लागतील एवढीच. त्या जानेवारीत एकच गाढवी उरली होती, मुरीना, आणि तिचं नऊ दिवसांचं शिंगरू. या जातीला थंडी सोसते, ओल सोसत नाही. म्हणून रोज कोरडं काड पसरायचं, पाणी कोमट करून पाजायचं, शिंगराला घोंगडीनं चोळायचं. त्यापलीकडे आम्हाला दुसरं काही उरलंच नव्हतं.

बर्फाच्या चौथ्या दिवशी सकाळी गोठ्याचं छप्पर बसलं. मुरीनाला आम्ही ओढून स्वयंपाकघरात आणली. शिंगरू बुजून पळालं होतं.

मी दोर घेऊन निघालो. बर्फ इतका दाट पडत होता की हात लांब केला तर बोटं दिसेनात. वारा पडला होता, आपलाच श्वास तेवढा ऐकू यायचा. दुपार टळली. पाय लाकडाचे झाले. देवाला काय काय कबूल केलं, आता आठवत नाही. शेवटी दगडी कुंपणाच्या आडोशाला पाय कशाला तरी अडखळला. शिंगरूच. गारठलेलं, पण छातीत धुगधुगी होती. कोटात घातलं आणि पडत-धडपडत घर गाठलं.

ग्राशियानं दार उघडलं, पण वाटेतून हलेना.

"कोटात काय आहे?"

"काय म्हणजे? सापडलं. सरक, चुलीपाशी ठेवू दे."

"बुस्तियानू..." ती हळू म्हणाली, "शिंगरू दुपारीच आलंय. आपलं आपण. दाराला ढुशा मारत होतं."

चुलीपाशी ते उभं होतं. तोच राखाडी रंग, पाठीवर तोच काळ्या पट्ट्यांचा क्रूस.

कोटातलं बाहेर ठेव म्हणून तिनं माझी विनवणी केली. मला ते जमेना. मी ते काडावर ठेवलं. मुरीना दुपारपासून कोपऱ्यात भिंतीला चिकटून होती, ती धावत आली आणि त्याला चाटू लागली. चुलीपाशचं नुसतं बघत राहिलं. ते कापत नव्हतं.

"ते दूध प्यायलं?" मी विचारलं.

"मुरीना जवळच येऊ देईना. मग मी बोट दिलं चोखायला... दुपारभर."

तेव्हा माझं लक्ष त्याच्या पाठीकडे गेलं. इतका वेळ धगीशी उभं होतं, पण पाठीवरच्या बर्फाचा एक कण वितळला नव्हता.

मी दार उघडलं. ढकलावं लागलं नाही, ते गेलं. ग्राशिया रडत त्याच्यामागे निघाली. तिला कमरेला धरून आत ओढताना माझी दमछाक झाली.

आमचं शिंगरू जगलं. मोठं होऊन गाढवी झाली. गेल्या मे महिन्यात तिला पहिलं पिल्लू झालं, चांगलं धडधाकट. ऊन कडक होतं. ग्राशियानं कौतुकानं त्याच्या कपाळावरून हात फिरवला...

संध्याकाळी पिल्लू मेलेलं सापडलं. मी त्याला उचललं, तर कपाळावर चार बोटं फिरल्यासारख्या रेघांत दहिवर गोठलं होतं.