शालीत मी नाही

उरुबाम्बा नदीवरचा झुलता पूल ओलांडण्यापूर्वी डोंगरवाटेवर पर्यटकांचे सामान वाहणाऱ्या प्रत्येक हमालाचे ओझे तराजूवर तोलले जाते. आणि तो तराजू मोठा निःस्पृह न्यायाधीश आहे. त्याला ना वय दिसते, ना घाई, ना कोणाचे आर्जव. त्या सकाळी त्याने मेलितोन नावाच्या तरुण आचाऱ्याला अडवले. जुना आचारी ऐनवेळी आजारी पडला म्हणून लारेसच्या खोऱ्यातून याला घाईने बोलावून घेतलेले. चमूत त्याला ओळखणारे कोणी नव्हते. पातेली, शेगडी आणि धान्य यांनी फुगलेला त्याचा भार नियमाहून जड भरला.

“एक पिशवी काढ,” पहारेकरी म्हणाला.

“कुठली काढू? मीठ काढलं तर पाहुणे मारतील, चहा काढला तर आपलेच लोक मारतील.”

मागे कोणीतरी हसले… आणि एक हात पुढे आला. दोराच्या वळांनी राठ झालेला, परंतु मनगटावर तांबड्या लोकरीचा बारीक धागा मिरवणारा तो हात मोरायाची, म्हणजे हिवात वाळवलेल्या पांढऱ्या बटाट्यांची पिशवी उचलून निघूनही गेला.

“अगं ए! माझी मोराया!”

“माझ्या ओझ्यात जागा आहे. तू चालायला लाग, रांग खोळंबलीय.”

“नाव तरी सांग! पिशवी मागू कोणाकडे?”

“आचारी ना तू? वास घेत ये.”

ती सातुका होती. चमूतली एकुलती एक हमालीण. झालरीच्या टोपीखाली दोन वेण्या, ओठांच्या कोपऱ्यात दडवलेले हसू आणि पाठीवर परदेशी पाहुण्यांचे तंबू. पूल हलत होता. ती हलत नव्हती. तिच्याकडे पाहता पाहता मेलितोनला आपल्या पायांखालच्या फळ्यांचे भान राहिले नाही, आणि तो दोनदा अडखळला.

पहिल्या मुक्कामी मोरायाचे कढण आटोपल्यावर तो एक वाडगा घेऊन तिच्याजवळ आला. संध्येचा प्रकाश अजून हिमशिखरांवर रेंगाळत होता.

“आइनी राहिली तुझी,” तो म्हणाला. आज तू माझे काम केलेस, उद्या मी तुझे करीन, हा त्या पर्वतांतला व्यवहार. त्याला आइनी म्हणतात, आणि तो बुडवणाऱ्याला कोणी शेजारी बसवीत नाही. “उद्या खिंड आहे. तुझं थोडं ओझं माझ्याकडे दे.”

“माझं ओझं माझ्याच पाठीला शोभतं.”

“मग फेडू कसं?”

“विचार करत राहा.” तिने घोट घेतला. “कढणात मीठ कमी आहे.”

“मीठ काढू नको म्हणून तराजूशी भांडलो मी!”

“तरी कमीच आहे…”

दोघेही हसले, आणि पलीकडच्या दगडावरून खणखणीत हाक आली. “सूनबाई! आपल्या माणसांत येऊन बस.”

हाक हमालांच्या मुकादमाची, एवारिस्तोची होती. तिच्या हातातला वाडगा तोंडापर्यंत गेला नाही.

“सून?” मेलितोनने हळूच विचारले.

“त्यांच्या मते.”

मग तिने सांगितले. पुकाकोचा या तिच्या गावी तरुण आपल्या आवडत्या मुलीच्या खांद्यावरची शाल हिसकावून पळतो. मुलीला तो नको असेल तर ती मागे धावून शाल परत घेते. बटाट्याची काढणी होईपर्यंत शाल त्याच्याकडेच राहिली, तर तो तिचा होकार. कार्निव्हलच्या सणाला एवारिस्तोच्या मुलाने, याच चमूतल्या एफ्राइनने, तिची शाल पळवली. सातुका धावली नाही. भर चौकात एखाद्याच्या मागे धावत सुटणे तिला पटले नाही. घरी जाऊन तिने मागावर नवी शाल चढवली. गावाने मात्र वेगळेच समजून घेतले.

“आणि आता म्हणतात, ही तुझी शेवटची वारी… मुकादमाच्या सुनेनं ओझं वाहायचं नसतं. घरी बसून अल्पाकांचे कळप राखायचे.”

“तुला काय हवंय?”

ती चमकली. कार्निव्हलपासून हा प्रश्न तिला कोणीच विचारला नव्हता.

“ओझं,” ती म्हणाली. “माझं, माझ्या पाठीवर. आणि ही वाट.”

दुसऱ्या दिवशीची चढण म्हणजे श्वासाची परीक्षा. धुके खाली राहिले, झाडे खाली राहिली. उरले गवत, दगड आणि वारा. त्या खिंडीला मृत स्त्रीची खिंड म्हणतात. माथ्यावर पोचताच हमालांनी भार उतरवले. प्रत्येकाने कोकाची तीन पाने बोटांत धरून साल्कान्ताय पर्वताकडे फुंकर घातली आणि डोळे मिटले. सातुकानेही फुंकर घातली. तिच्या ओठांवरून शब्द निघाले असतील, तर ते त्या डोंगरदेवाने ऐकले.

तोच पलीकडच्या दरीतून वाऱ्याचा लोट उसळला, हनुवटीखालचा बंद सुटला, आणि तिची टोपी भिरभिरत जाऊन मेलितोनच्या पातेल्यांवर पडली. त्याने ती उचलली.

सगळी खिंड स्तब्ध झाली. तरुणाच्या हाती मुलीची वस्तू, भोवती साक्षीदार, आणि पुढे उताराची मोकळी वाट! पळायचे तेवढे बाकी होते. एफ्राइन उठून उभा राहिला.

मेलितोन पळाला नाही. तो सावकाश चालत आला, आणि देवापुढे पाने ठेवावीत तशी त्याने टोपी दोन्ही हातांनी पुढे केली.

“घे.”

“पळाला असतास तर…” ती हळू आवाजात म्हणाली, “मी मागे आलेही नसते कदाचित.”

“तीच तर भीती. लोक म्हणाले असते, हो म्हणाली. आणि मला जन्मभर कळलं नसतं, तू हो म्हणालीस की नुसती दमली होतीस.”

तिने टोपी हातात घेतली.

“मला टोपी नको, सातुका. मला तू आवडतेस. मी हे तोंडानं सांगतोय. तुझं जे असेल ते तूही तोंडानं सांग. आज नको. नाही म्हणायचं असेल तर तेही सांग… मी ऐकेन.”

“अरे आचाऱ्या!” एवारिस्तो गरजला. “तिची शाल आमच्या घरात आहे!”

घरात कसली, ती तिथेच होती. एफ्राइनने आपले ओझे त्याच शालीने बांधले होते. सातुकाने टोपी घातली, बंद घट्ट केला आणि ती त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली.

“आता मागू नकोस,” एफ्राइन ओशाळून म्हणाला. “काढणी झाली. लोक हसतील.”

“मागायला नाही आले. ठेव तुझ्याकडे, लोकर चांगली आहे. पण शालीत मी नाही, एफ्राइन. तेव्हाही नव्हते. तू पळालास, मी पळाले नाही, कारण मला दुसरी विणता येते. त्याचा अर्थ एवढाच.”

“गप्प राहिलीस म्हणजे कबूल!” एवारिस्तो पुढे सरसावला. “आजवर सगळ्या बायका अशाच—”

“सगळ्यांना विचारलंत का, तायता?”

तायता म्हणजे बाबा. गावात वडीलधाऱ्याला असेच म्हणतात, आणि तिने आवाजातला मान तसूभरही कमी केला नव्हता. एवारिस्तोच्याही घरी खुंटीवर एक जुनी शाल होती. तिच्या मालकिणीला त्याने कधी काही विचारले नव्हते. जे उत्तर सापडले नाही, त्याच्या जागी त्याला राग सापडला.

“ओझं इथंच टाक! माझ्या चमूत तुला जागा नाही. या खिंडीत बाईनं इतकं बोलू नये.”

“मेलेल्या बाईच्या नावानं तुमची खिंड चालते, तायता, आणि जिवंत बाईच्या पाठीवरचं ओझं चालत नाही?” कोणीतरी खुदकन हसले आणि लगेच गप्प झाले. “हे ओझं तराजूवर माझ्या नावानं चढलंय. शेवटच्या मुक्कामालाच उतरेल. तिथून पुढे तुमचा चमू तुम्हाला लखलाभ.”

“तिला जाऊ द्या, तायता,” एफ्राइन पुटपुटला. त्याचे कान लाल झाले होते.

उतारावर मेलितोनने तिला गाठले. “मीही चमू सोडतो.”

“तू कशाला? उपाशी मरशील.”

“आचारी कधी उपाशी मरतो का?”

“मीठ असं कमी घातलंस तर मरेल.”

तिचा स्वर हलका होता, मन नव्हते. आपल्याच गावच्या मुकादमाने टाकलेल्या बाईला दुसरा मुकादम सहसा घेत नाही, हे तिला ठाऊक होते. पुढच्या संपूर्ण दिवसाच्या वाटेवर, ढगांत बुडालेल्या रानातून आणि ओल्या दगडी पायऱ्यांवरून, ती कोणाशी बोलली नाही. मेलितोनने उत्तर मागितले नाही. एकदाच, एका निसरड्या वळणावर, तो थांबला आणि त्याने फक्त हात पुढे धरला. तिने तो धरला नाही. पण ती हसली, आणि त्याला तेवढ्यावर एक डोंगर चढता आला.

ऊन कलताना शेवटचा मुक्काम, विन्याय वायनाचे पुरातन अवशेष, दिसले. दरीच्या कुशीत, प्रचंड प्रेक्षागारासारख्या अर्धवर्तुळात उतरत गेलेल्या त्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतबांधण्या. ज्यांनी रचल्या त्यांची नावे कोणाला माहीत नाहीत, पण चुन्यावाचून दगडाला दगड असा भिडवला आहे की हातांची भक्ती अजून कळते. वाटाड्या पाहुण्यांना घेऊन वरच्या देवळाकडे गेला. हमाल मधल्या बांधावर पाय पसरून बसले. सातुकाने तंबू नेमल्या जागी उतरवले. तिची पाठ मोकळी झाली. आता ती कोणाच्याच चमूत नव्हती.

एवारिस्तोने तिच्याकडे पाहिले नाही. “उद्या खालच्या गाडीनं गावाला जा,” तो हवेला उद्देशून म्हणाला. “तिथं काय ते ठरवू.”

“काय ठरवणार?”

तो आपल्या ओझ्याचे दोर सोडू लागला.

ती उठली आणि एकेक बांध चढत सर्वांत वरच्या बांधावर गेली. खाली, फार खाली, धबधब्याच्या कडेला मेलितोन पातेली खरवडीत होता. तिने दोन्ही हात तोंडाशी नेले.

“मेलितोन! हो!”

दगडी अर्धवर्तुळाने तो शब्द उचलला आणि दरीभर फिरवला. हमालांचे जबडे कोकाची पाने चघळता चघळता थांबले. मेलितोनने मान वर केली.

“काय?”

“हो म्हटलं!”

“पाण्याचा आवाज फार आहे!” तो ओरडला, आणि इतक्या उंचीवरूनही त्याचे हसू तिला दिसले. “पुन्हा सांग!”

“हो! हो!”

“अरे गाढवा!” एवारिस्तोला राहवले नाही. “ऐकू आलं! खाली रेल्वेच्या फलाटापर्यंत ऐकू गेलं!”

हमालांमध्ये हशा पिकला. एफ्राइननेही, खाली मान घालून का होईना, त्यात आपला वाटा दिला. सातुका वरून म्हणाली, “तुम्हाला नीट ऐकू आलं ना, तायता?”

हशा विरला. एवारिस्तोने समोरच्या शिखराकडे पाहिले. तिथे ऊन अजून होते.

“आलं,” तो म्हणाला.

“मग गावात तसंच सांगा. मी बोलले, आणि तुम्ही ऐकलंत.”

खाली मेलितोन हातातले पातेले तसेच घेऊन पायऱ्या चढू लागला होता.